पहाणीच्या रजिस्टरातली दोन पोरं

माय,

तुझं रजिस्टर सापडलं. धाकट्यानं घर रंगवायला काढलंय, तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली आली आणि पितळी भांड्यांच्या तळाशी, दादांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेलं ते निघालं. लगोलग स्कूटरवर घालून माझ्याकडे घेऊन आला. “ताई, हे तुझ्याकडं ठेव. घरात पंडित तूच.” मी दोन पानं उलटली आणि म्हटलं, “यातलं एक अक्षर मला येत नाही.” त्याचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! “म्हणजे आपण दोघं सारखेच की,” म्हणाला. पन्नास वर्षं तो या वाक्याची वाट बघत होता. त्या आनंदात दोन कप चहा प्याला, आणि जाताना माझी पाठ थोपटून गेला.

तुला हे सांगायची गरज नाही, पण मलाच सगळं एकदा नीट लावून घ्यायचंय. आजोबा, म्हणजे तुझे वडील, तहसिलात कारकून. निजामाच्या राज्यात कचेरीचा कागद उर्दूत चालायचा, म्हणून त्यांनी आपल्या मुलीलाही उर्दू लिहायला-वाचायला शिकवलं. मराठी काय, ती बोलतेच आहे, ती कशाला शिकवायची, असा त्यांचा विचार असणार. मग पोलीस अॅक्शन झाली, राज्य गेलं, हळूहळू कचेरीची भाषाही बदलली आणि छापील कोरी रजिस्टरं रद्दीत निघाली. त्यातलं एक आजोबांनी तुझ्या पहिल्या बाळंतपणात, बाळंतविड्याच्या लुगड्याबरोबर आणून दिलं. लोक चांदीचा वाळा देतात, चमचा-वाटी देतात. आमच्या आजोबांनी पिकांच्या पहाणीचं रजिस्टर दिलं. शेतात पीक कुठलं उभं आहे, रकबा म्हणजे क्षेत्र किती, आबपाशी म्हणजे पाणी कशाचं, आणि शेवटच्या रुंद रकान्यात कैफियत, म्हणजे शेरा. तू त्यात आम्हा दोघा भावंडांना लिहिलंस. भाषा आपली, घरातली, लिपी आजोबांची.

तू लिहायला बसलेली मला दिसतेस. उस्मानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्या, दुपारची वेळ, भांडी घासून पालथी घातलेली. दादा, आमचे वडील, अजिंठ्याच्या रस्त्याच्या कामावर मुकादम, घरी यायचे ते रविवारचे. तू उंबऱ्यापाशी चौकटीला टेकून, गुडघ्यावर रजिस्टर घेऊन, उजवीकडून डावीकडे लिहीत जातेस आणि मध्येच स्वतःशी हसतेस. मला तेव्हा वाटायचं, पुरुष डावीकडून लिहितात आणि बायका उजवीकडून. लुगड्याच्या निऱ्या आणि धोतराचा कासोटा वेगळा असतो, तसंच हे. पुढे व्याकरणात मी बरेच नियम शिकले, पण इतका सुटसुटीत एकही भेटला नाही.

आता खरं सांगते. रजिस्टर हातात आलं तेव्हा पहिला विचार मायेचा आला नाही, भीतीचा आला. मी सात वर्षांची असताना एका दुपारी तुला निरक्षर करून टाकलं होतं. त्यानंतर तू लिहिताना मला कधी दिसली नाहीस. तुझ्या नोंदी माझ्यामुळे बंद पडल्या का, आणि त्या दिवशीची नोंद असलीच तर तिच्यात काय आहे, हे मला कळायला हवं होतं. तेही लवकर, कारण माझ्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं टेबलावर पडली होती आणि त्यांच्या पहिल्याच पानावर तू होतीस. ते पान पुढे येईलच.

वाचणार कोण? आमच्या मागच्या गल्लीत एक आपा राहतात. मुलींच्या उर्दू शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, आणि अजून सगळ्या जगाला चौथीच्या वर्गात बसवून बोलणाऱ्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “जुमेरात कू आओ, चार बजे. चाय तुम लाना, मेरे घर की शक्कर मेरी बहू छुपाती.” तेव्हापासून दर गुरुवारी कॉलेज सुटलं की मी थर्मास घेऊन त्यांच्या ओट्यावर हजर.

पहिल्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला, रजिस्टर डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं आणि मान हलवली. “ये तो कचेरी का खत है, बाई. आधे नुक्ते तो तुमारी अम्मा खा गई. मेरी क्लास में ऐसा लिखते तो छडी पडती.” मग बोट ठेवून एकेक शब्द जुळवत गेल्या. दोन ओळी झाल्यावर थांबल्या. “लफ्ज उर्दू का नै लगरा. ‘दात आला. खालचा. वाटी वाजली.’” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. “अगे, ये तो पूरी मराठी है!” असं म्हणून त्या इतक्या हसल्या की सुनेला बाहेर यावं लागलं. त्यांना अक्षर दिसतं आणि मला अर्थ ऐकू येतो, असं आमचं चाललं. तुला एकटीला वाचायला दोन मास्तरणी लागल्या.

माय, काय काय लिहून ठेवलंयस! पिकाच्या नावाच्या रकान्यात एकदा ‘थोरली’, एकदा ‘धाकटा’. रकब्याच्या रकान्यात आमची उंची: दोन विता तीन बोटं, तीन विता, साडेतीन विता. आबपाशीच्या रकान्यात आधी मला काही कळेना. ‘दोनदा’, ‘एकदा’, ‘नाय’, ‘चारदा, सतरंजी बी’. मग उजेड पडला. गादी! तीन वर्षं धाकट्याच्या गादीचा इमानेइतबारे जमाखर्च. मी त्याला फोन करून हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, “हे रजिस्टर जाळून टाक.” मी म्हटलं, सरकारी कागद आहे, जाळता येत नाही.

आणि कैफियतीचा तो रुंद रकाना. माझ्या उष्टावणाची नोंद अशी: ‘खीर मामाच्या टोपीवर थुंकली. मामा हसला. टोपी नवी हुती.’ पहिल्या पावलांची: ‘पिठाच्या डब्यापासून जात्यापर्यंत चालली. साडेतीन पावलं. अर्ध्याला बसली.’ ते अर्धं पाऊल तू सोडलं नाहीस. आजोबांची लेक, जेवढं उभं तेवढंच लिहायचं. पहिल्या शब्दावरून तुझं आणि दादांचं भांडण झालेलं दिसतं, कारण नोंद दोन ओळींत आहे: ‘हे म्हणत्यात दादा म्हणाली. मी जवळ हुते. नाय म्हणाली.’ तुझं बरोबर असणार. तो शब्द मी पुढेही वारंवार वापरला.

धाकट्याच्या बोलण्याची गोष्ट मला आठवते, पण ती तुझ्या बाजूने कशी होती हे आता कळलं. तीन वर्षांचा होत आला तरी तो काही बोलेना. खुणा करायचा, ओढत न्यायचा, हसायचा. तोंडातून शब्द नाही. शेजारच्या बाया तोंडावर काही म्हणत नसत, आणि तेच वाईट. कुणीतरी सांगितलं, पोपटानं टोचलेला पेरू खायला घाला, जीभ सुटते. पडेगावला दादांच्या मळ्यात पेरूची दोन झाडं. काकांना निरोप गेला, काकांनी फडक्यात बांधून चार पेरू पाठवले. तू ते शिंकाळ्यात ठेवलेस आणि पाण्याला गेलीस. परत येईपर्यंत मी त्यातले तीन संपवले होते. परिणाम तू जन्मभर भोगलासच. उरलेला एक धाकट्याला दिलास, त्याने बिया थुंकल्या. त्या दिवसाचा शेरा फक्त एवढा आहे: ‘पेरू थोरलीला लागू पडला.’

मग सात-आठ पानांनंतर ती नोंद येते. आपांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि विचारलं, “मेथी? मेथी क्या है इसमें?” मी एकदम त्या सकाळीच गेले. गल्लीत भाजीवाली ओरडतेय, “मेथीऽ घ्या, कवळी मेथीऽ!” धाकटा उंबऱ्यावर बसून पाटीवर दगड आपटतोय. तू चुलीपाशी. आणि तो मान वर करून स्वच्छ, खणखणीत, एखाद्या वकिलानं साक्षीदाराचं नाव पुकारावं तसा म्हणतो, “मेथी.” तुझ्या हातातली काथवट खाली पडली. तू तशीच पिठाच्या हातानं बाहेर पळालीस. भाजीवाली घाबरली. “काय झालं वं बाई?” “काय नाय. मेथी दे.” “किती?” “हाय तेवढी दे.” नोंदीत लिहिलंयस: ‘धाकटा बोलला. मेथी. सहा जुड्या घेतल्या.’ त्या सहा जुड्या आम्ही चार दिवस खाल्ल्या. भाजी, पातळ भाजी, भाकरीत चुरून, मुटके करून. रविवारी दादा आले, ताटाकडे बघून म्हणाले, “आज बी ह्येच का?” तू म्हणालीस, “पोरगं बोललंय. गुमान खावा.” त्यांनी ते गुमान खाल्लं. मग तू त्याला दादांपुढे उभं केलंस, “म्हण बाळा, म्हण,” आणि त्यानं दादांच्या तोंडावर जे मौन धरलं ते बुधवारी सोडलं. बुधवारी दादा अजिंठ्याच्या रस्त्यावर होते.

मी वात्सल्यावर प्रबंध लिहिला, माय. संस्कृत काव्यातलं वात्सल्य. नऊ रसांच्या पंगतीत त्याला दहावा पाट मांडावा की नाही, यावर मी चाळीस पानं खर्ची घातली, आणि शेवटी ‘दोन्ही पक्षी बळकट प्रमाणं आहेत’ असं म्हणून हात झटकले. त्या चाळीस पानांत मेथीची एकही जुडी नाही. संक्रांतीच्या बोरन्हाणात डोक्यावरून ओतलेल्यातलं एक बोर नाकात घालून बसलेला धाकटाही त्यांत नाही. ते काढायला तू त्याला तपकीर हुंगवलीस, तो सात वेळा शिंकला आणि बोर शेजारच्या काकूंच्या कपाळाला लागलं. तुझ्याकडे मात्र ते आहे, शिंकांच्या आकड्यासकट.

मग माझी शाळा. ‘थोरली शाळेत गेली. मागं वळून बघितलं नाय. मी फाटकाशी उभी हुते, उगीच.’ हे वाचून आपांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांनी जन्मभर फाटकाच्या आतली बाजू पाहिलेली. म्हणाल्या, “हौ. मावां खडी रहती थीं. हम बोलते थे, जाओ जाओ.” मी थर्मासचं झाकण उगाच लावलं आणि काढलं.

पुढच्या वर्षभराच्या पानांत ती दुपार कुठंतरी असणार, म्हणून मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

ती दुपार अशी. दुसरीचं पहिलं प्रगतिपुस्तक मिळालं होतं. पालकांची सही घेऊन यायची. दादा कामावर, म्हणून तू केलीस. माझ्या डोळ्यांपुढे केलीस. आधी हात पदराला पुसलास, टाक झटकलास, आणि पूर्ण नाव, आजोबांच्या वळणानं, उजवीकडून डावीकडे, शेवटी एक लांब झोकदार रेघ. मला ते फार देखणं वाटलं होतं, हे मला आठवतं, म्हणूनच पुढचं जास्त लागतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते पुस्तक वर धरलं. बाई नव्या होत्या, पुण्याकडच्या. वाईट नव्हत्या. त्यांना खरंच कळलं नाही. “हे काय गं? ही गिचमिड कुणी केली?” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “बाई, उलटं लिहिलंय!” आणि वर्ग हसला. ते दिवस कसले होते तू जाणतेस; ती लिपी जुन्या राज्याबरोबर गेली, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “भावानं रेघोट्या मारल्या, बाई. आईला लिहायला येत नाही.” बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. “मग अंगठा घेऊन ये हं, बाळ.” त्यांनी तुझ्या सहीवर तांबड्या शाईनं फुली मारली.

घरी आले. तू भाकरी थापत होतीस. मी पुस्तक तुझ्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं, बाई काय म्हणाल्या, मी काय म्हणाले, काहीच न चोरता. तू थापणं थांबवलं नाहीस. ती भाकरी झाली, तव्यावर गेली, पाणी फिरवलंस, उलटलीस. मग विचारलंस, “बाई हसल्या का?” मी म्हटलं, “नाय, पोरी हसल्या.” “बरं.” तू तव्याच्या बुडाची काजळी बोटानं खरवडलीस, तेलाचा थेंब टाकून कालवलीस. “उजवा घेऊ का डावा?” मी रडवेली झाले, बाईंनी ते सांगितलंच नव्हतं. तू म्हणालीस, “डावा. कचेरीत डावाच घेत्यात.” आणि अंगठा उठवलास. स्वच्छ, रेघन्‌रेघ. त्यानंतर अकरावीपर्यंतच्या माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर तुझा डावा अंगठा आहे. एकदाही तू म्हणाली नाहीस की पुरे आता.

आणि आता ते पान. त्या प्रबंधाचं पुस्तक छापलं तेव्हा मी अर्पणपत्रिका लिहिली: ‘माझ्या निरक्षर आईस, जिने मला अक्षर दिले.’ तेव्हा मला ते खोटं वाटलंच नाही, ही त्यातली गंमत. इतकी वर्षं ते बोलून बोलून माझ्या तोंडाला त्याची सवय झाली होती, आणि वाक्य तर फारच घोटीव जमलं होतं. मी घरी येऊन तुला पुस्तक दिलं. तू म्हणालीस, “चांगलं हाय. लोकं रडतील.” लोक रडले, माय. सत्कार झाले, व्याख्यानं झाली. प्रास्ताविक करणारा प्रत्येक जण ते वाक्य म्हणायचा आणि डोळे टिपायचा. आत काय लिहिलंय ते फारसं कुणी वाचलं नाही. त्या एका शब्दावर मी चोवीस वर्षं टाळ्या घेतल्या, आणि त्यातली पहिली तीन तू पुढच्या खुर्चीत बसून ऐकलीस.

गेल्या गुरुवारी आपांनी ते पान उघडलं. मी आधी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी नेहमीसारखं बोट ठेवलं आणि वाचलं:

‘थोरली शाळेत खोटं बोलली. पहिलं. घरी येऊन खरं सांगितलं, सगळं. तेबी पहिलंच. दोन्ही एका दिवसात. जीभ कुठं अडली नाय.’

दात आला, पाऊल टाकलं, बोलली, खोटं बोलली. त्याच शाईत, त्याच हातानं, त्याच रकान्यात. मी पिकावर पडलेली कीड म्हणून माझी नोंद शोधत होते, आणि तू तिथं नवा फुटवा लिहून ठेवला होतास. आपा चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “होशियार बच्ची थी.” मग म्हणाल्या, “अम्मा जास्ती होशियार.” आणि त्याच ओळीतला दुसरा रकाना वाचायचा राहिला होता, तो वाचला. आबपाशी: ‘थोडी.’ मी म्हटलं, “कुणाची?” आपांनी पान उजेडाकडे धरलं, उलटसुलट पाहिलं. “वो नै लिखे.”

नोंदी त्या दिवशी थांबल्या नव्हत्या, हेही कळलं. पुढे आणखी बरीच पानं आहेत. फक्त मी समोर असताना तू लिहीत नव्हतीस, एवढंच. मी सुटकेचा श्वास टाकून रजिस्टर मिटायला घेतलं, तर आपांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि दुसऱ्या टोकानं उघडलं. “ये मेरे कू नै आता. ये तुमारा है. मैं समझी तुम देख लिए.”

मी कुठली बघते! उर्दूचं रजिस्टर म्हणून मी पहिल्या दिवसापासून ते जाणकार असल्याच्या थाटात उजवीकडूनच उघडत होते. डावीकडच्या पहिल्या पानावर ग म भ न होतं. पेन्सिलीनं, मोठं, थरथरतं, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघ दोनदा ओढलेली. मग पानंच्या पानं. मग माझं नाव. मग धाकट्याचं. मग एक पूर्ण ओळ: ‘थोरलीनं शिकवलं. तिला ठाऊक नाय.’

मला आठवलं. मी घरी शाळा-शाळा खेळायचे. धाकटा आणि तांब्या-पेले हा वर्ग, चुलीमागची भिंत हा फळा, कोळसा हा खडू. तू माझ्याकडे पाठ करून भाकरी थापत असायचीस. भिंत काळी करते म्हणून तू कधी ओरडली नाहीस. दिवाळीच्या चुन्यापर्यंत ती अक्षरं तशीच राहायची. मला वाटायचं, माझे लाड चाललेत. तू अभ्यास करत होतीस! माझ्या त्या वर्गात पास झालेली एकमेव विद्यार्थिनी तू. धाकट्याचा निकाल अजून राखून ठेवलाय. आणि मग मला दिसलं की पुस्तक मी तुझ्या हातात दिलं त्या दिवशी, मी वाचून दाखवायच्या आधी, तू ते पान उघडून त्या ओळीखालून बोट फिरवलं होतंस. मी समजले, कागदाचा गुळगुळीतपणा बघतेस. बोट डावीकडून उजवीकडे गेलं होतं, माय. सावकाश. मधे एका शब्दाशी थांबलं होतं.

दोन लिप्या येणारी बाई सत्काराच्या पहिल्या रांगेत निरक्षर म्हणून बसली, आणि घरी येताना रिक्षात मला म्हणाली, “हार लई जड हुता का गं?” मी तुझ्यावर रागवावं की काय करावं हे अजून ठरलेलं नाही. माझी मान वर राहावी म्हणून तू गप्प बसलीस म्हणावं, तर तुझ्या तोंडावरचं ते हसूही मला आठवतं, आणि ते त्यागाचं वगैरे नव्हतं. तुला गंमत वाटत होती. लेकीची ही पहाणी तू मनातल्या मनात चालू ठेवली असणार, आणि तिचा शेरा काय होता ते मला आता कुणीच वाचून दाखवणार नाही.

तू जाऊन एकवीस वर्षं झाली, तेव्हा हे पत्र पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही. पण पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण शेवटची गोष्ट अजून सांगायचीय आणि ती सांगायला जरा जड जातेय. काल मुद्रितं परत पाठवली. ‘निरक्षर’ हा शब्द मी खोडला. पुढचं अक्षर देण्याचं वाक्यही गेलं. ‘आईस’ एवढंच ठेवलं, खरं तर ‘मायला’ लिहायचं होतं, तेवढं धाडस झालं नाही. संध्याकाळी प्रकाशकाचा फोन आला. जुने गेले, आता त्यांचा मुलगा बघतो, सालस आहे. म्हणाला, “मॅडम, ते वाक्य तर लोकांना पाठ आहे. तोच शब्द का काढताय?” मला सगळं सांगता आलं असतं. जीभ तयारही होती. मी म्हटलं, “तो शब्द मी लिहिलाच नव्हता. मागच्या वेळी छापताना चूक झाली.” तो बिचारा एकदम ओशाळला. वडिलांच्या वतीनं दोनदा क्षमा मागितली.

आणि मी, माय, मोठ्या मनानं त्याला क्षमा करून टाकली.